आत्याची काळी दोन

खोबरेल तेल गोठलं की मला कुणाशी तरी भांडावंसं वाटतं. परवा सकाळी बाटली तळहातावर उपडी केली, तर थेंब पडेना. म्हटलं, आली वाटतं. मुंबईच्या थंडीची याहून मोठी वर्दी द्यायची ऐपत नाही. बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवून मी शाल शोधत होते, तेवढ्यात नातीच्या मोबाइलवर दोन माणसं तावातावाने बोलताना ऐकू आली. कुणी एक गायक म्हणे बरीच वर्षं गप्प आहे, आता त्याचं नवं गाणं येणार आहे, आणि हे दोघे तो पुन्हा चालेल की नाही ते ठरवत होते. एक म्हणत होता, चालेल. दुसरा म्हणत होता, छे, त्याचा काळ संपला.

"आजी, तुला काय वाटतं?" नातीने सहज विचारलं.

"मला वाटतं, त्या दोघांना आधी सा लावायला सांगावं."

"अगं, चिडतेस काय? ते फक्त प्रेडिक्ट करतायत ना."

फक्त! तिला काय सांगणार? माझ्या डोक्यात थंडी आणि भाकीत या दोन गोष्टी एकत्र शिवून टाकल्या आहेत, आणि तो टाका एका जुन्या हिवाळ्यात मुलुंडला पडलेला आहे.

पन्नासच्या दशकाचा मध्य असेल. मी शाळेत शिकवायला नुकती लागले होते आणि लग्नाच्या बाजारात माझी किंमत माझ्या जिभेमुळे रोज उतरत होती, असं आई म्हणायची. मुलुंडच्या पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला डोंगर आणि मधे आमच्यासारख्या कचेरीत जाणाऱ्यांची बैठी घरं. थंडीत पहाटे मिठागरांवरून धुकं निघायचं ते थेट ओट्यापर्यंत यायचं. त्यात तबेल्यांचा धूर मिसळायचा. नहूरकडून बायका ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन दारावर यायच्या आणि संध्याकाळी ओट्याओट्यांवर सोलाण्यांच्या सालींचा खच पडायचा. त्या सालींचा आंबट वास अजून नाकात आहे. बोटं हिरवी करून घेत, पाय पोटाशी ओढून आम्ही गप्पा मारायचो, आणि गप्पा बहुतेक गाण्याच्या असायच्या.

कारण थंडी हा गाण्याचा मोसम. दिवाळी उरकली की शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाच्या बैठकी सुरू व्हायच्या. मंडळाची एक रीत होती, आणि ती कुणी सुरू केली देव जाणे: दर हिवाळ्यात एक बैठक अशा कलावंताला द्यायची, ज्याचं गाणं-वाजवणं मधे थांबलं आहे. कुणी आजारी पडलेला, कुणी नाटक कंपनी बुडाल्यावर घरी बसलेला. रीत चांगली होती. पण त्या रीतीच्या पोटी एक खेळही जन्माला आला होता. कुणाला बोलवायचं हे ठरायच्या आधी महिनाभर, हा उठेल का, ही परत उभी राहील का, याची ओट्यावर चर्चा झडायची. आणि त्या चर्चेचे न्यायाधीश होते आमच्या शेजारचे नाना सबनीस.

नाना फोर्टात एका विमा कंपनीत होते. समोरचा माणूस किती वर्षं तग धरेल याचा अंदाज बांधणं हे त्यांचं दिवसभराचं काम. संध्याकाळी पायातले बूट काढून ओट्यावर बसले की तोच अंदाज ते गवयांना लावायचे. वय काय, झोप कशी, घरात कुणाला दम्याचा त्रास, बायको कशी आहे. एखाद्या नाटकातल्या बुवांचं नाव निघालं की नाना डोळे मिटून म्हणायचे, "नाही येणार. गावाला जाऊन गाय पाळलीय त्यांनी. गाय पाळलेला माणूस परत येत नाही." सगळे हसायचे. पण ते बुवा खरोखरच परत आले नाहीत. एका सारंगीवाल्याची बोटं आखडली तेव्हा सगळ्यांनी हात टेकले होते, आणि नाना म्हणाले, "येईल तो. बायको कडक आहे त्याची." तो आला, आणि असा वाजवून गेला की आठवडाभर कुणाला दुसरा विषय नव्हता.

चिडण्यासारखी गोष्ट हीच होती, की नाना बहुधा बरोबर असायचे. आणि चुकले तरी त्यांच्याकडे पळवाट तयार असायची. परळच्या एका क्लॅरिनेटवाल्याचे पुढचे दात पडले, नानांनी त्याला निकालात काढलं. पुढे घाटकोपरला एका लग्नात मी त्याला कवळी लावून वाजवताना माझ्या कानांनी ऐकलं आणि घाईघाईने येऊन नानांना सांगितलं. नाना शांतपणे सोलाणा सोलत म्हणाले, "कुमुद, ते वाजवणं नव्हे. तो हट्ट."

हट्ट. मला तेव्हापासून तो शब्द फार आवडायला लागला.

तर आता आत्या. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. वडील तिला अक्का म्हणत, म्हणून सगळी आळी अक्का म्हणायची. गिरगावात, दादरला तिच्या बैठकी व्हायच्या, रेडिओवर गायची, आणि यजमान गेल्यावरही गात राहिली म्हणून सासरच्यांनी नाकं मुरडली तरी तिने मागे वळून पाहिलं नाही. तिचा आवाज काळी चारचा. ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते: पेटीवरच्या काळ्या पट्ट्या मोजतात, आणि गवई ज्या पट्टीला आपला सा मानतो ती त्याची पट्टी. बायकांची साधारण काळी चार, पुरुषांची काळी एक किंवा दोन. आत्याचा काळी चारचा तार षड्ज, वरचा सा, म्हणजे... मी उपमा देत नाही. ऐकणारे लोक श्वास सोडायला विसरत, एवढंच सांगते.

मग तिच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब समजा. जीव वाचला आणि आवाज गेला. कुजबुजल्यासारखी बोलायची, तेही थकून. बैठकींची बोलावणी आधी कमी झाली, मग थांबली. ती आमच्याकडे मुलुंडला राहायला आली ती एका ट्रंकेसह. तिचा नाजूक तंबोरा तिने येतानाच एका शिष्येला देऊन टाकला होता. घरात ती भाजी निवडायची, माझ्या शाळेच्या वह्यांवर कव्हरं घालायची, आणि गाण्याचं नाव काढलं की उठून आत जायची. अशी काही वर्षं गेली. घरातलं माणूस असं गप्प झालं की घराला त्याची सवय होते, आणि मला आज सगळ्यात राग येतो तो त्या सवयीचा.

एके दिवशी ती वडिलांना म्हणाली, "माझ्या गुरुजींच्या घरी त्यांचा मोठा तंबोरा पडून असेल. मिळेल का बघ." वडील रविवारी गिरगावात जाऊन तो घेऊन आले. पुरुषी तंबोरा, जाड तारांचा. त्याचा भोपळा एवढा थोरला, की आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून तो तिरका करून न्यावा लागला. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात आत्याने पहिल्यांदा सा लावला. खर्ज. अगदी तळाचा सूर. त्याच्या वर ती गेलीच नाही. पहाटभर तोच एक सूर, घोगरा, मधेच तुटणारा, पुन्हा जुळणारा. दुसऱ्या दिवशी तोच. पुढच्या महिन्यात तोच. मागे बसून तंबोरा छेडायला मी असायचे. थंडीने बोटं वाकडी व्हायची, डोळ्यांवर झोप असायची, आणि खोलीत तो जाड सूर हळूहळू ठरत जायचा.

सगळी आळी हे भिंतीआडून ऐकत होती, आणि आळीने निष्कर्षही काढला. अक्कांना वरचे सूर लागत नाहीत, म्हणून बिचाऱ्या खालीच बसल्यात. आमच्याकडचे हे लोक नाट्यगीतांवर वाढलेले. गाणं म्हणजे वर जाणं, जितकं वर तितकं थोर, अशी त्यांची पक्की समजूत. खर्ज लावणं हे आवाज बांधायचं काम असतं, पाया खणल्यासारखं, हे ऐकून माहीत असलेली माणसंही तेव्हा ते विसरली. आणि त्यातून बाईचा आवाज असा पुरुषी! माझी आईसुद्धा एकदा चपात्या लाटता लाटता म्हणाली, "लोक हसतील गं तिला." मी म्हटलं, "मग हसू देत. त्यांचे दात तरी दिसतील." आईने लाटणं उगारलं.

दसऱ्याला आत्याचे दीर सांगलीहून आले. माणूस वाईट नव्हता. सोनं वाटलं, जेवले, आणि जेवल्यावर सुपारी कातरत वडिलांना म्हणाले, "वहिनींना आता आमच्याकडे पाठवा. घरात आजारपणं आहेत, मुलं लहान, हाताशी मायेचं माणूस हवं. गाणं होतं तोवर आम्ही बोललो नाही. आता गाणं संपलंच आहे, तर इथे मुंबईत त्यांनी काय करायचं?" वडील खाली मान घालून बसले. आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "यंदाच्या थंडीत मंडळाने मला बसवलं, तर मी गाईन. गाणं झालं नाही तर तुमच्याबरोबर येईन. शब्द देते." दीर म्हणाले, "ठीक आहे, मी बैठकीच्या दिवशी येतो. सामान बांधून ठेवा."

सामान बांधून ठेवा! मी आतल्या खोलीत जाऊन उशीवर बुक्क्या मारल्या.

त्या महिन्यात आळीत एकच विषय होता. अक्का उठतील का? त्यांना बसवावं का? एका संध्याकाळी मी शाळेतून येत होते, ओट्यावर दहा-पाच जण नानांभोवती जमलेले, आणि नाना बोटं मोडत सांगत होते, "हे बघा, मी अक्कांचं गाणं दादरला ऐकलंय, माझ्याएवढा त्यांचा भक्त इथे कुणी नाही. म्हणून सांगतो. परत नाही यायच्या. बसवलंत तर अर्ध्या तासात बैठक आटपेल आणि त्यांची शोभा होईल. ज्यांनी ती काळी चार ऐकलीय त्यांच्यापुढे तरी बसवू नका."

"नाना, तुम्ही तिला विचारलंत?" मी रस्त्यातूनच ओरडले.

"काय विचारायचं? मी भिंतीपलीकडेच राहतो ना गं."

"भिंतीला कान असतील, अक्कल नसते. तुम्ही तिचा विमा उतरवताय की काय?"

लोक हसले. नाना नाही हसले. ते म्हणाले, "कुमुद, मी चुकलो तर सगळ्यांसमोर तुझ्या आत्याच्या पाया पडेन. पण मी चुकणार नाही." त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, त्याचा मला जास्तच संताप आला. कुणी दुष्टपणे बोललं तर भांडता तरी येतं. प्रेमाने कुणी तुम्हाला संपवायला निघालं तर त्याचं काय करायचं?

आज वाटतं, भाकीत करणाऱ्यांची खरी चूक हिशेबात नसते. त्यांचे हिशेब पुष्कळदा चोख असतात. पण भाकीत हवेत राहत नाही, ते त्या माणसाच्या अंगावर येऊन बसतं. ज्याच्याविषयी सगळे म्हणतात की हा उठणार नाही, त्याला उठताना स्वतःचं वजन उचलावं लागतं आणि वर या सगळ्यांचंही. आत्या त्या दिवसांत पहाटेला उठायची ती कुणाच्या कौतुकावर उठत नव्हती. कौतुक तेव्हा कुणाकडे नव्हतंच. मी तंबोरा छेडताना तिच्या पाठीकडे बघायचे. पाठ ताठ असायची. त्या पाठीकडे बघून मी जे शिकले ते मला पुढे नोकरीत, संसारात, सगळीकडे उपयोगी पडलं.

मंडळाच्या सभेत बहुमत नानांच्या बाजूचं होतं. तेव्हा माझे वडील उभे राहिले. हा माणूस सभेत कधी खोकलाही नव्हता. दरवर्षी हॉलमध्ये सतरंज्या अंथरायचं काम त्यांच्याकडे असायचं आणि ते गुपचूप करायचे. ते म्हणाले, "अक्काला बसवणार नसाल, तर मी सतरंज्या अंथरणार नाही." मग कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, अहो बसवू या, एक बैठक ती काय. अशी आत्याची बैठक ठरली. घरी येऊन वडील दोन तांबे पाणी प्याले.

पौषातला रविवार, सकाळची वेळ. उन्हाला नुकता रंग चढत होता. आत्याने गळ्याला वडिलांचा निळा मफलर गुंडाळला होता, गालात ज्येष्ठमधाची काडी होती. मोठा तंबोरा आम्ही घरीच ठेवला, कारण मंडळाने मिरजेहून तंबोऱ्यांची नवी जोडी आणली होती आणि सेक्रेटरींनी बजावून सांगितलं होतं की आमच्या जोडीचं उद्‌घाटन अक्कांच्या हातून. त्या जोडीच्या तारा आपल्याला हव्या तशा उतरतील, असं आत्याला वाटलं. त्या काळी साथीदार आणि गवई भेटायचे ते थेट बैठकीवरच. तालीम वगैरे चोचले नव्हते.

पेटीच्या साथीला गोविंदराव होते. आत्याच्या ऐन भरातल्या दिवसांत तेच साथ करायचे. ते आमच्याही आधी येऊन बसले होते, आणि आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही तंबोरे मिळवून, तबला चढवून सगळं सज्ज होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. आत्या बसली, मी मागे तंबोरा घेतला, तारा छेडल्या, आणि ऐकते तर काय, काळी चार! गोविंदरावांनी आठवणीतून, मायेने, एका सुराचाही फरक न होऊ देता तिची जुनी पट्टी लावून ठेवली होती. कुणाला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. गाणारी तीच, मग पट्टी दुसरी कशी असेल?

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत नाना, त्यांच्यामागे सांगलीचे दीर. बायकांच्या बाजूला आई पदर तोंडाशी धरून बसलेली. आत्या डोळे मिटून तंबोऱ्याकडे कान देऊन बसली. लोकांना वाटलं, ध्यान लावलंय. मला माहीत होतं, ती विचार करतेय. थोडा वेळ ती काळी चारवर रेटून नेऊ शकली असती. दोन-चार तुकडे, एखादं भजन, लोकांनी दयेने टाळ्या दिल्या असत्या. तिने डोळे उघडले.

"गोविंदराव, ही पट्टी माझी नाही."

ते पुढे झुकून हळूच म्हणाले, "बाई, तुमचीच आहे. काळी चार."

"होती," आत्या म्हणाली, आणि ती हळू बोलली नाही. "आता मी काळी दोनला गाते."

हॉलमध्ये कुजबुज उठली. पट्टी उतरवली, पट्टी उतरवली. गवयाने भर बैठकीत पट्टी उतरवायला सांगणं म्हणजे आमच्या लोकांच्या हिशेबी मैदानात हात वर करणं. गोविंदराव गांगरून खुंट्या पिळायला लागले, पण त्या नाजूक जोडीच्या तारा तेवढ्या खाली आल्यावर लोंबकळायला लागल्या, त्यांतून नुसती खडखड ऐकू येऊ लागली. तबलजीकडे बायकी पट्टीचा लहान तोंडाचा तबला, तोही तिथवर उतरेना. सेक्रेटरी येरझाऱ्या घालू लागले. मागच्या रांगेतले काही जण चपला शोधायला उठले.

"कुमुद," आत्या म्हणाली, "घरचा तंबोरा घेऊन ये."

वडील तबल्यासाठी मागच्या आळीतल्या भजनी मंडळींकडे धावले. धोतराचा सोगा हातात धरून धावणारे माझे वडील मी आयुष्यात तेवढे एकदाच पाहिले. मी घराकडे सुटले. येताना धावता येईना, कारण तो तंबोरा म्हणजे तान्ह्या मुलाहून नाजूक आणि वजनाला म्हाताऱ्या माणसाइतका. गोधडीत गुंडाळून खांद्यावर घेतला आणि भराभर चालत निघाले. रस्त्यात ओळखीच्या बाईने विचारलं, "काय गं, झालं का गाणं?" मी म्हटलं, "अजून सुरू व्हायचंय. या!"

आणि शाळेच्या फाटकाशी आले तर आतून सूर ऐकू आला. आत्या थांबली नव्हती. तंबोरा नाही, तबला नाही, तर गोविंदरावांना पेटीवर नुसता सा धरायला सांगून तिने तोडी सुरू केली होती. ज्या क्षणाची मी वर्षभर वाट पाहिली, तो माझ्यावाचूनच घडून गेला होता, याचं मला आजही वाईट वाटतं. पण फाटकाशी मला जे मिळालं, ते आत बसलेल्या कुणालाच मिळालं नाही. उठून बाहेर गेलेले तिघं-चौघं तिथे बिड्या ओढत उभे होते. त्यातला एक कान देऊन म्हणाला, "आयला, कोण बुवा बसले रे? झकास लावलाय सूर."

"बुवा नाहीत," मी म्हटलं. "माझी आत्या आहे. बिडी टाका आणि आत चला."

दोघं आले. बाकीचे घरी गेले. गेले तर गेले.

आत पाऊल ठेवलं तर आत्याने मफलर काढून शेजारी ठेवला होता. ऑपरेशनची खूण, जी ती घरातही पदराने झाकायची, उघडी होती, सगळ्यांना दिसत होती. मी तंबोरा मिळवला, वडिलांनी आणलेला मोठ्या तोंडाचा तबला तबलजीने सुरात लावला, आणि मग जे गाणं झालं त्याचं वर्णन मला नीट करता येत नाही. ते जुनं गाणं नव्हतं. जुन्या गाण्यात ती वीज होती, हे मान्य. हे गाणं जमिनीवर मांडी ठोकून बसलं होतं. एकेका सुरापाशी ती इतका वेळ थांबायची की त्याच्या मागचं सगळं दिसायला लागायचं. तार षड्जापाशी आवाज फाटला. मला वाटलं, आता संपलं. ती पुन्हा तिथेच गेली. पुन्हा फाटला. तेव्हा ती हसून समोर बघत म्हणाली, "हा आज एवढाच आहे," आणि खाली येऊन असा काही मंद्रातला धैवत लावला की गोविंदरावांची बोटं पट्ट्यांवर थिजली. अर्धा तास कधीच उलटून गेला होता. ऊन खिडकीतून सरकत सतरंजीच्या मधोमध आलं तरी ती गात होती.

टाळ्या फार मोठ्या नव्हत्या. खरं ते सांगायला हवं. निम्मे लोक भारावले होते, निम्मे अजून बाईच्या तोंडून तसा आवाज ऐकून अवघडलेले होते. पुढे तिचं नाव पूर्वीसारखं छापून आलं नाही. रेडिओने परत बोलवायला बराच उशीर केला. नातीच्या मोबाइलमधल्या त्या दोघांना विचारलं तर ते म्हणतील, यशस्वी पुनरागमन म्हणता येणार नाही. मी त्यांना विचारीन, कुणाच्या मापाने?

लोक पांगले तेव्हा दीर पुढे आले. आत्या त्यांच्याआधीच बोलली. "भावोजी, गाणं झालं. मी येत नाही. मुलांना माझे आशीर्वाद सांगा." ते थोडे घुटमळले, मग वाकून नमस्कार करून निघाले. वडील एका कोपऱ्यात सतरंजीची घडी घालत होते. तीच घडी ते पुन्हा पुन्हा घालत होते, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

नाना मात्र तिथेच उभे होते. डोळे लाल, पण मान सरळ.

"अक्का, डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "पण मी हरलो असं म्हणणार नाही. काळी चारला गायला असतात तर इथेच पाया पडलो असतो. हे परत येणं नव्हे."

मी तोंड उघडलं, पण आत्याने माझा हात दाबला.

"बरोबर आहे तुमचं, नाना. ती काळी चारवाली नाही यायची आता. तिची वाट बघू नका."

नानांना हे अपेक्षित नसावं. पण त्यांच्यातल्या विमावाल्याला राहवेना. "आणि अक्का, पुढच्या थंडीत आवाज आणखी उतरला तर? वय कुणाला चुकलंय? तेव्हा काय कराल?"

आत्याने मफलर उचलला, झटकला, गळ्याला गुंडाळला नाही, नुसता खांद्यावर टाकला.

"तर आणखी खाली गाईन," ती म्हणाली. "कुमुद, तंबोरा उचल."